सांगेल तितके चालणारी गाडी

महाराष्ट्रात कशेळी नावाची निदान दोन गावे तरी आहेत. एक रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर तालुक्यात. कनकादित्याच्या पुरातन सूर्यमंदिरामुळे ते सर्वांना ठाऊक असते. दुसरी कशेळी आमची, भिवंडी तालुक्यातली. ठाण्याहून निघून बाळकुम मागे टाकले आणि खाडीवरचा पूल ओलांडला की ती लागते. इथे मंदिरासाठी कोणी मुद्दाम येत नाही. येतात ते ट्रक, कंटेनर आणि टेम्पो, कारण कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात आणि पुढे वळ-मानकोलीपर्यंत गोदामांचे एक स्वतंत्र राज्यच उभे राहिले आहे. मुंबईकरांच्या घरी पोहोचणाऱ्या कितीतरी वस्तू एखादी रात्र तरी इथे काढूनच पुढे जातात.

या दोन कशेळींमधले अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या वर भरते. पेट्रोलची गाडी बाळगणाऱ्या माणसाच्या हिशेबात ते फार तर एका टाकीचे. तो पहाटे निघतो, वाटेत कुठेतरी मिसळ खातो आणि संध्याकाळी सूर्यदर्शनाला पोहोचतो. विजेवर चालणारी गाडी बाळगणाऱ्याच्या मनात मात्र आठ दिवस आधीपासून प्रश्न सुरू होतात. महाडला चार्जर चालू असेल का? चिपळूणला रांग असेल का? पावसच्या पुढे काय?

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी कशेळीत राहायला आलो. आमच्या घरात विजेवर चालणारी छोटी गाडी येऊन तीन वर्षे झाली. ती मी स्वतः चालवतो. त्यामुळे नवी गाडी घ्यायचा विचार करणारी आसपासची कुटुंबे रविवारी सकाळी चहाच्या निमित्ताने चौकशीला येतात. मीही त्यांना रिकाम्या हाती पाठवत नाही, उलट अशी गाडी चालवणारा जो कोणी भेटेल त्याला एकच प्रश्न विचारायचा, अशी सवय मी लावून घेतली आहे : "पुढची गाडी कशी हवी?" सोसायटीतले नोकरदार, विमानतळाच्या फेऱ्या करणारे टॅक्सीवाले, गोदामांतून पार्सले नेणारे विजेच्या तीनचाकी टेम्पोंचे चालक, सासर-माहेर करणाऱ्या लेकी, सगळ्यांची उत्तरे एका वहीत उतरवून ठेवली आहेत. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला अशा वह्या बाळगायची खोड असतेच.

वही चाळताना एक गोष्ट लक्षात येते. यांतल्या एकानेही गाडी आणखी वेगाने पळावी असे म्हटलेले नाही. मोठा पडदा, रंग बदलणारे दिवे, आपोआप उघडणारे छप्पर यांची मागणी कोणी केली नाही. जाहिराती ज्या गोष्टींच्या होतात आणि चालक ज्या गोष्टी मागतात, त्यांत मोठे अंतर आहे. चालकाला काळजी कमी करून हवी आहे. लेखाचे सार हवे असेल तर एवढेच आहे, बाकीचा तपशील.

मोटारीच्या इतिहासात चालकाच्या काळजीने यापूर्वीही निकाल दिला आहे. विजेवरची मोटार ही काही आजची कल्पना नव्हे. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या मोटारींपैकी सुमारे एक तृतीयांश विजेवर चालणाऱ्या होत्या. पेट्रोलच्या मोटारींचा बादशहा हेन्री फोर्ड. पण त्याची पत्नी क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक कंपनीची १९१४ सालची विजेची मोटार चालवत असे. कारण साधे होते. पेट्रोलची गाडी सुरू करायची तर पुढे उभे राहून लोखंडी हँडल फिरवावे लागे, आणि ते उलटे फिरले तर मनगट मोडे. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेचा स्टार्टर आला आणि ती धास्ती संपली. पेट्रोल स्वस्त होते, जागोजागी मिळू लागले, फोर्डची गाडीही स्वस्त झाली. विजेच्या गाड्या हळूहळू दिसेनाशा झाल्या. तेव्हा पेट्रोलच्या गाडीने चालकाची डोकेदुखी घालवली म्हणून ती जिंकली. आज पुन्हा बाजी उलटायची असेल तर हाच धडा विजेच्या गाडीला गिरवावा लागेल.

वहीतली पहिली मागणी, जवळजवळ प्रत्येक पानावर आलेली, खऱ्या आकड्याची आहे. गाडी एका चार्जिंगमध्ये किती जाईल याचा जो आकडा कागदावर छापलेला असतो, तो प्रयोगशाळेत ठरावीक वेगाने, ठरावीक पद्धतीने गाडी चालवून काढलेला असतो. तो खोटा नसतो. पण आपल्या रस्त्याचाही नसतो. कागदावर तीनशे असतील तर प्रत्यक्षात दोनशे ते सव्वादोनशे धरून चालावे, असे आमच्याकडचे अनुभवी चालक सांगतात. अलीकडे काही कंपन्या प्रयोगशाळेच्या आकड्याबरोबर प्रत्यक्ष रस्त्यावरचा अंदाजही जाहीर करू लागल्या आहेत, हे चांगलेच आहे. परंतु चालकाला हवा आहे तो याच्याही पुढचा आकडा. गाडीत पाच माणसे आहेत, वर सामान आहे, एसी चालू आहे, पुढे कशेडीचा चढ आहे, हे सगळे लक्षात घेऊन गाडीने सांगावे, की तू चिपळूणला पोहोचशील तेव्हा इतकी वीज उरलेली असेल. आणि तसेच व्हावे. शंभर किलोमीटर दाखवणारा काटा चढावर बघता बघता सत्तरवर येतो, तेव्हा शेजारी बसलेली माणसे बोलायची थांबतात. तो अनुभव कोणालाच पुन्हा नको असतो.

या गाडीचे गणित पेट्रोलच्या गाडीच्या नेमके उलटे आहे, हे नव्या माणसाला कोणी नीट सांगत नाही. पेट्रोलची गाडी महामार्गावर जास्त सरासरी देते आणि गर्दीत पितळ उघडे पाडते. विजेची गाडी गर्दीत सुखी असते. कशेळीच्या पुलावर वाहतूक तासभर तुंबली, तरी उभ्या गाडीची मोटर फिरत नाही. वीज खर्च होते ती एसी आणि दिव्यांपुरती. ब्रेक लावला की चाकांची गती पुन्हा विजेत रूपांतरित होऊन थोडी बॅटरीत परत जाते. मुंबईच्या नव्या लोकलगाड्याही थांबताना अशीच वीज वरच्या तारेत परत सोडतात. उलट मोकळ्या रस्त्यावर वेग वाढला, की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि बॅटरी भराभर उतरते. ताशी शंभरऐवजी ऐंशीने चालवणारा चालक तेवढ्याच विजेत बराच पुढे जातो. गाडीने हे चालकाला समजेल अशा साध्या मराठीत सांगावे, अशी एका टॅक्सीवाल्याची मागणी आहे. पडद्यावर तीस भाषांतली गाणी दिसतात, पण सूचना इंग्रजीत!

दुसरी मागणी चार्जिंगची. तिचे दोन भाग आहेत, घरचे आणि दारचे.

घरचे चार्जिंग सर्वांत स्वस्त आणि सोयीचे. पंधरा अँपियरच्या साध्या प्लगवर तीस युनिटची बॅटरी रिकामी असली, तर पूर्ण भरायला नऊ-दहा तास लागतात; म्हणजे रात्री लावावी आणि सकाळी काढावी. पण त्यासाठी वाहनतळाच्या जागेवर प्लग हवा, आणि प्लगसाठी सोसायटीची संमती. इथे भल्याभल्यांची गाडी अडते. मीटर कोणाचा? आग लागली तर जबाबदार कोण? आज एकाला दिले तर उद्या दहा जण मागतील, मग? सभासदांच्या बैठकीत या प्रश्नांवर मी तीन-तीन तास चर्चा ऐकली आहे. प्रश्न चुकीचे नाहीत, पण त्यांना उत्तरे आहेत. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी मालकाला घरच्या किंवा कार्यालयाच्या चालू वीजजोडणीवर गाडी चार्ज करण्याची मुभा दिली आहे. नव्या इमारतींसाठीच्या आदर्श नियमावलीत २०१९ साली दुरुस्ती होऊन वाहनतळाच्या वीस टक्के जागेत अशा सोयीची तरतूद सुचवण्यात आली. जुन्या इमारतींत मात्र जाणकार वायरमनकडून वेगळी वायर, वेगळा एमसीबी, चांगले अर्थिंग आणि वेगळा मीटर हाच मार्ग. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडून गाडी चार्ज करणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. तसे कोणीही, कधीही करू नये.

इथे गाडी बनवणाऱ्यांकडे एक छोटी मागणी आहे. गाडीबरोबर येणारी केबल पावसात, चिखलात, उंदरांच्या राज्यात वापरायची असते. ती मजबूत असावी, गुंडाळायला सोपी असावी आणि अंधारात प्लगची जागा दिसेल असा एक दिवा तिथे असावा. ही मागणी एका शाळामास्तरीणबाईंची. त्या रोज रात्री आठला घरी येऊन आधी गाडीला लावतात आणि मग कुकर.

दारचे चार्जिंग ही वेगळीच कहाणी आहे. प्रत्येक कंपनीचे ॲप निराळे, प्रत्येकात आधी पैसे भरायचे. चार बँकांत चार खाती आणि प्रत्येकात दीडशे रुपये पडून, अशी चालकाची स्थिती. ॲपवर चार्जर चालू दिसतो. प्रत्यक्ष गेले की त्याच्या पडद्यावर अंधार. बहुतेक ठिकाणी वर छप्पर नाही, बसायला जागा नाही, स्वच्छतागृह नाही. रात्री एकट्या बाईने अशा ठिकाणी चाळीस मिनिटे थांबायचे कसे, असा प्रश्न वहीत तीन बायकांनी केला आहे. आपल्याकडे भाजीवालाही क्यूआर कोडवर पैसे घेतो. मग चार्जरला काय अडचण? गाडी लावावी, कोड दाखवावा, वीज घ्यावी, निघावे. युरोपीय संघाने एप्रिल २०२४ पासून नव्या सार्वजनिक जलद चार्जरवर साध्या बँक कार्डाने पैसे देण्याची सोय सक्तीची केली. ब्रिटनने २०२३ च्या नियमांत जलद चार्जरांचे जाळे वर्षाकाठी ९९ टक्के वेळ चालू राहिले पाहिजे अशी अट घातली. म्हणजे चालकांची तक्रार तिथेही हीच होती. तिची दखल घेतली गेली, एवढाच फरक.

आता तिसरी मागणी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. ती सांगण्यासाठी एका तरुण चालकाची गोष्ट सांगायला हवी.

काल्हेरच्या बाजूला राहणारा हा मुलगा भाड्याची टॅक्सी चालवायचा. रोजचे भाडे मालकाला, उरेल ते घरी. स्वतःची गाडी असावी, एवढेच त्याचे स्वप्न होते. नवी विजेची गाडी आवाक्याबाहेर. म्हणून त्याने चार वर्षे वापरलेली एक गाडी पाहिली. किंमत जमण्यासारखी होती. दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर चालवणाऱ्याला विजेवरचा खर्च पेट्रोलपेक्षा पुष्कळ कमी पडतो, हा हिशेब त्याने वहीवर मांडून ठेवला होता आणि तो बरोबर होता. तो कर्ज मागायला गेला. अधिकाऱ्याने कागद पाहिले, गाडी पाहिली आणि विचारले, "बॅटरी किती उरली आहे?"

मुलगा म्हणाला, "साहेब, फुल चार्ज आहे."

अधिकाऱ्याला ते विचारायचे नव्हते. बॅटरीत आज किती वीज भरली आहे हा एक प्रश्न, आणि नवी असताना ती जितकी वीज साठवू शके त्याच्या किती टक्के आज साठवू शकते हा दुसरा. मोबाइल जुना झाला की पूर्ण चार्ज करूनही दुपारीच मान टाकतो, तसे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर डॅशबोर्डवर होते. दुसऱ्याचे कुठेच नव्हते. गाडीच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा बॅटरीचा, आणि त्याच वस्तूची अवस्था सांगणारा सर्वमान्य कागद नाही. कर्ज नामंजूर झाले.

मी त्या खुर्चीवर आयुष्य काढले आहे, त्यामुळे अधिकाऱ्याला दोष देववत नाही. तारण ठेवायची वस्तू किती मोलाची हे कळत नसेल तर लोकांच्या ठेवींतले पैसे कशाच्या जोरावर द्यायचे? पण मुलाचेही काही चुकले नव्हते. शेवटी त्याने काय केले, तर बायकोचे मंगळसूत्र आणि दोन बांगड्या घेऊन सोनेतारण कर्ज काढले. तिथे अर्ध्या तासात काम झाले. सराफाने सोने कसोटीवर घासले, वजन केले, रक्कम सांगितली. सोन्याला कस लावता येतो. बॅटरीला लावायची कसोटी अजून बाजारात आलेली नाही, म्हणून एका घरातले मंगळसूत्र तिजोरीत गेले. तो मुलगा परवा भेटला तेव्हा म्हणाला, "काका, गाडी चांगली निघाली. पण हे मला आधी कळायला पाहिजे होतं ना? आता देवाच्या भरवशावर निघाली."

म्हणून मी म्हणतो, विजेच्या प्रत्येक गाडीला एक पासबुक हवे. बॅटरी कधी बनली, कोणत्या रसायनाची आहे, किती वेळा भरली-उतरली, जलद चार्जिंग किती झाले, आज तिची मूळ क्षमतेच्या किती टक्के ताकद शिल्लक आहे, हे सगळे त्यात नोंदलेले असावे आणि त्यात कोणाला खाडाखोड करता येऊ नये. ही माझ्या डोक्यातली कल्पना नव्हे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरीविषयक कायद्याने फेब्रुवारी २०२७ पासून मोटारींच्या बॅटरीला असा 'बॅटरी पासपोर्ट' बंधनकारक केला आहे. आपल्याकडे तो आरसी बुकाला जोडला, तर वापरलेल्या गाडीला योग्य भाव मिळेल, बँकेला तारण कळेल, विमा कंपनीला जोखीम कळेल. आज बहुतेक कंपन्या बॅटरीवर आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी देतात. काहींची वाढीव हमी मात्र केवळ पहिल्या मालकापुरती असते. जुनी गाडी घेणारा हा बहुधा कमी पैशांचा माणूस असतो. नेमकी त्याचीच हमी आखूड व्हावी, हे मला पटत नाही.

चालकांनी एकत्र येऊन बोलले तर काय होते, याचे एक उदाहरण आहे. निसान कंपनीची लीफ ही गाडी २०१० साली बाजारात आली. तिच्या डॅशबोर्डवर बॅटरीची शिल्लक ताकद दाखवणाऱ्या बारा पट्ट्या होत्या. २०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या फिनिक्स शहराच्या आसपासच्या मालकांच्या लक्षात आले, की अवघ्या वर्ष-दीड वर्षात त्यातल्या पट्ट्या गळू लागल्या आहेत. त्या वाळवंटी शहरात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, आणि त्या गाडीच्या बॅटरीला द्रवाने थंड ठेवण्याची व्यवस्था नव्हती. मालकांनी आकडे गोळा केले, एकमेकांशी ताडून पाहिले, कंपनीपुढे मांडले. अखेर कंपनीने बॅटरीच्या ताकदीची हमी जाहीर केली, आणि तीही आधी विकलेल्या गाड्यांना लागू केली. पट्ट्या दिसत होत्या म्हणून तक्रार करता आली, हे यात लक्षात घेण्यासारखे. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात राहणाऱ्या आपल्या माणसांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. बॅटरीचे रसायन उष्णता सोसणारे असावे, तिला थंड ठेवण्याची सोय चांगली असावी, आणि तिची तब्येत मालकाला दिसावी, ही विदर्भाची मागणी फिनिक्सच्या मागणीची सख्खी बहीण आहे.

चौथी मागणी आमच्या रस्त्याने शिकवलेली. ठाणे-भिवंडी रस्त्यावर अवजड वाहनांची अखंड रीघ, मेट्रोच्या कामाने अडलेल्या मार्गिका, आणि पावसाळ्यातले खड्डे. विजेच्या गाडीची बॅटरी तळाशी असते. खड्ड्यात आपटून तिच्या पेटीला पोचा पडला, तर कधी कधी संपूर्ण बॅटरीच बदलण्याची भाषा सुरू होते. बॅटरी आत अनेक छोट्या भागांची बनलेली असते; बिघडलेला भाग तेवढा काढून बदलता यावा, आणि तो बदलणारा शिकलेला कारागीर तालुक्याच्या गावी मिळावा, असे सगळे म्हणतात. आपल्या आयटीआयमधून असे कारागीर तयार झाले, तर किती मुलांच्या हाताला काम मिळेल!

पावसाच्या पाण्याचेही तसेच. बॅटरीची पेटी पाणबंद असते. आयपी-६७ या मानकाचा अर्थ मीटरभर पाण्यात अर्धा तास राहूनही आत पाणी शिरू नये असा. पण म्हणून तुंबलेल्या पाण्यात गाडी घालावी असा त्याचा अर्थ नाही. दारावर आतल्या बाजूने एक रेघ असावी, इथपर्यंत पाणी आले तर पुढे जाऊ नका असे सांगणारी, अशी एका टेम्पोवाल्याची सूचना. मला ती फार आवडली. खर्च रुपया-दोन रुपयांचा.

आणि स्टेपनी! केंद्र सरकारने २०२० साली नियम बदलून ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचे साहित्य असलेल्या लहान गाड्यांना जादा चाकाची सक्ती काढून टाकली. बॅटरीला जागा मिळावी हा त्यामागचा एक हेतू. दिल्लीत ते ठीक वाटले असेल. आमच्याकडे खड्ड्याने टायरची बाजू फाटते, आणि फाटलेल्या टायरला ते पंक्चरचे साहित्य काय करणार? या मागणीवर कशेळीत एकमत आहे. दुर्मीळ गोष्ट!

काही बारीकसारीक मागण्याही आहेत. विजेच्या गाडीत मोठ्या बॅटरीखेरीज साध्या गाडीतली असते तशी बारा व्होल्टची छोटी बॅटरीही असते. ती बसली, की पोटात भरपूर वीज असूनही गाडी सुरूच होत नाही. घरात अन्न भरलेले आणि किल्ली हरवलेली, तशी गत. ती अशक्त होऊ लागली की गाडीने आठ दिवस आधी सांगावे. एसी, वायपर, काचा यांना खरी बटणे असावीत. पडद्यावर बोटे शोधत फिरवायची तर रस्त्यावरची नजर हटते. गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनेही २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींना प्रत्यक्ष बटण नसेल तर गुण कमी करायचे ठरवले. आणि आवाज. गाडीचा आवाज येत नाही याचे कौतुक आत बसलेल्याला. गावातल्या अरुंद रस्त्यावरून काठी टेकत जाणाऱ्या आजोबांना ती मागून आलेली कळतच नाही. युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या विजेच्या मोटारीला कमी वेगात हलका आवाज करणारी यंत्रणा सक्तीची आहे. आपल्याकडेही केंद्राने २०२५ मध्ये तसा मसुदा काढला. आवाज मात्र कर्कश नको, ही माझी पदरची भर.

शेवटची मागणी मला सर्वांत आशेची वाटते. गाडी घराला वीज देऊ शकेल का? भिवंडीकरांना लोडशेडिंग म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. २००७ मध्ये इथले वीजवितरण खासगी फ्रँचायझीकडे गेले, त्याआधी यंत्रमाग तासन् तास बंद पडून राहत आणि कामगार ओट्यावर बसून वीज यायची वाट पाहत. आता एक साधा हिशेब करू. छोट्या गाडीच्या बॅटरीत तीस युनिट मावतात. एसी न लावणाऱ्या दोन खोल्यांच्या घराला दिवसाला पाच-सहा युनिट पुरतात. म्हणजे दारात उभी गाडी चार-पाच दिवस दिवे, पंखे आणि फ्रिज चालवू शकेल. जपानमध्ये मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर वीज गेलेली गावे पाहून निसानने पुढच्याच वर्षी लीफमधून घराला वीज देणारी यंत्रणा बाजारात आणली. आपल्याकडेही काही गाड्यांत एखादे उपकरण चालवता येईल असा प्लग आता मिळतो. संपूर्ण घराला जोडण्याची सोय आणि तिचे नियम व्हायचे आहेत. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरची कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात ठेवली. अशा वेळी आरोग्य केंद्राच्या दारात अशी एक गाडी उभी असती, तर लसींचा फ्रिज तरी चालू राहिला असता.

सरकार काहीच करत नाही असे मात्र नाही. केंद्राच्या २०२४ च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतील १०,९०० कोटी रुपयांपैकी २,००० कोटी चार्जिंग केंद्रांसाठी राखले गेले. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी दिली. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के विजेवरच्या होत्या. तिथेही सुरुवात करसवलतींनी आणि टोलमाफीनेच झाली. पण सवलत माणसाला दुकानापर्यंत आणते. तो समाधानी राहतो का, हे नंतरच्या आठ वर्षांत ठरते.

तोवर घ्यायला निघालेल्या कुटुंबांना मी चार प्रश्न लिहून देतो. दुकानात गेल्यावर रंग पाहण्याआधी ते विचारा. पूर्ण माणसे, सामान आणि एसीसह ही गाडी महामार्गावर किती जाते, आणि ते चालवून दाखवाल का? बॅटरीची शिल्लक ताकद मला कुठे दिसेल, आणि ती किती टक्क्यांच्या खाली गेली तर हमी लागू होते? मी गाडी विकली तर हमी पुढच्या मालकाला मिळेल का? बॅटरीच्या पेटीला मार बसला तर दुरुस्ती कुठे होते, आणि विमा त्यातले किती देतो? उत्तरे तोंडी घेऊ नका, लिहून घ्या. दुकानातला मुलगा गोंधळेल, आत जाऊन साहेबांना विचारून येईल. येऊ द्या. शंभर गिऱ्हाइकांनी हेच प्रश्न विचारले, की साहेबही वरच्या साहेबांना विचारतील आणि प्रश्न कारखान्यापर्यंत पोहोचतील.

त्या काल्हेरच्या मुलाचे सोनेतारणाचे हप्ते अजून चालू आहेत. दिवाळीपर्यंत मंगळसूत्र सोडवायचे असा त्याचा बेत आहे, आणि गाडी सध्या तरी त्याला साथ देते आहे.